मामांनंतर कोण?

मामा माझ्यासमोर तोंड उघडून बसले होते आणि त्यांची नऊ वर्षांची भाची श्रेया मोबाइलच्या टॉर्चने त्यांचा घसा बघत होती. मी परळला मुलांची काउन्सेलर आहे. सेशन माझं होतं, पण मला कोणी विचारत नव्हतं.

श्रेयाचे बाबा ती लहान असतानाच किडनीच्या आजाराने गेले. आई वर्षभरापूर्वी कॅन्सरने गेली. तेव्हापासून ती लालबागला मामा-मामींकडे राहत होती. रोज सकाळी ताप मोजल्याशिवाय ती मामांना घराबाहेर सोडायची नाही. मामा शिवडीच्या एका गोडाउनमध्ये सुपरवायझर. एकदा तिने त्यांच्या साहेबांनाच फोन करून कळवलं, की मामा दोनदा खोकलेत, त्यांना सुट्टी द्या. साहेबांनी दिली.

याला आम्ही हायपर-व्हिजिलन्स म्हणतो. म्हणजे मन वॉचमनच्या ड्युटीवर उभं राहतं आणि त्याला सोडवायला दुसरा वॉचमन येतच नाही.

मी मामांना थर्मामीटर लपवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात कळलं, श्रेया आता दर तासाला हाताने कपाळ बघते. पाहुण्यांचंसुद्धा.

आमच्या सीनियर मॅडमनी केस ऐकून घेतली आणि विचारलं, "ती कशाला घाबरते, ते तिला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं.

पुढच्या सेशनला मामा, मामी दोघांना बसवून विचारलं. श्रेया शांतपणे म्हणाली, "मामा गेले तर मी कुठे राहायचं? आई बरी होणार, असंच सगळे म्हणायचे. म्हणून कोणी काही ठरवलंच नाही. मग आई गेली आणि बाहेर सगळे बोलत होते, हिला कोण नेणार. मी आतच होते."

मामा लगेच म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" मी त्यांना थांबवलं. असला धीर तिने आधी एकदा ऐकलेला होता.

मामी म्हणाल्या, "मी आहे ना. तू माझ्याकडेच राहणार."

"आणि तुम्ही पण गेलात तर?"

मामींनी तिथल्या तिथे श्रेयाच्या कणकवलीच्या मावशीला, म्हणजे मामांच्या बहिणीला, स्पीकरवर फोन लावला आणि थेट विचारलं, हे गेले, मग मीही गेले, तर पोरीचं कसं? मावशीने हंबरडाच फोडला. आपण जिवंत आहोत हे भावाने स्वतः सांगितलं, तरी तिला पटायला पाच मिनिटं लागली. मग नाक ओढत ती म्हणाली, "ह्या काय विचारूचा? तुझी खाट हय आसाच."

खाट तिथे आहेच म्हटल्यावर श्रेयाने मावशीला शुगर आहे का ते विचारलं. थोडी होती. तरी मावशी पास झाली.

ताप मोजणं आधी दिवसाआड झालं, मग रविवारवर आलं. दोनेक महिन्यांनी श्रेया आईची आठवण काढून पहिल्यांदा रडली. मामांनी घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, रडू द्या, सुधारतेय. वॉचमनची ड्युटी सुटली की मगच रडायला सवड मिळते.

धडा एवढाच. मुलांच्या असल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं. ते शोधायला कोणाला फोन लावणार असाल, तर आधी सगळे जिवंत असल्याचं सांगावं.