केसभर सरकवलेली हेडं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नोकरीतलं एक काम आठवलं की मला अजून स्वतःची किळस येते.

तेव्हा मी शिवऱ्याहून रोज एसटीने पुण्याला जायचो. एका कारखान्यात कपडे धुण्याच्या मशीनएवढे दोन डिस्क ड्राइव्ह होते, एक जुना, एक नवा. वरून डिस्कची चवड बसवायची, काम झालं की उचलून कपाटात ठेवायची. डिस्कवर डोळ्यांना न दिसणारी वर्तुळं. लिहिणारी-वाचणारी हेडं नेमकी त्यांवर यायला हवीत. एकावर लिहिलेली चवड दुसऱ्यावर वाचता यावी म्हणून आम्ही दोन्हींत अचूक वर्तुळं आखलेली एकच प्रमाण डिस्क लावायचो आणि मोजणीयंत्राच्या पडद्यावरची लहर बघत एकेक हेड केसभर सरकवून स्क्रू आवळायचो.

तिथल्या जुन्या ड्राइव्हची हेडं सरकली होती. त्याने लिहिलेलं नवा वाचेना. प्रमाण डिस्क आणायचा माझ्या वरिष्ठांना कंटाळा.

"नव्याची हेडं जुन्याशी जुळव आणि मोकळा हो," ते म्हणाले.

म्हणजे जे बरोबर होतं तेच बिघडवायचं. मी मुकाट्याने बिघडवलं. तक्रार मिटली.

सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या इंजिनिअरने प्रमाण डिस्क लावून दोन्ही ड्राइव्ह नीट केले आणि मधल्या काळात सरकलेल्या हेडांनी लिहिलेली एकही चवड वाचता येईना. वरिष्ठांनी बैठकीत सांगून टाकलं, ड्राइव्ह चालवणाऱ्या ऑपरेटर मुलीने चवडी धुळीत ठेवल्या. ती राजगडाच्या पायथ्याच्या पालीची, चपला दाराबाहेर काढून आत येणारी. हेडं पुन्हा तेवढीच सरकवली असती तर सगळं वाचता आलं असतं, हे मला ठाऊक होतं. मी वहीत डोकं घालून बसलो. तिची नोकरी गेली. बाहेर आल्यावर वरिष्ठांनी मला भजी खाऊ घातली आणि मी ती खाल्ली.

गेल्या वर्षी पालीला एका लग्नाला गेलो, तेव्हा तिचं घर विचारत गेलो. राजगडावर जाणाऱ्यांना ती जेवण करून घालते. ओट्यावर बसून मी सगळं कबूल केलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी स्क्रू फिरवत व्हता तवा म्या मागंच हुबी व्हते. बैठकीत तुमी बोलाल म्हून वाट बघितली."

मी विचारलं, हे सगळं लिहून देऊ का?

"आता कुणाला दावू?"

परतीच्या वाटेवर ध्यानात आलं, तिच्यापुढे कबुली देतानाही मी निम्मा वेळ वरिष्ठांनाच दोष देत होतो. त्याची शिसारी जास्त आली.