डेकखालची सहा लाकडं

शेटनी मला फसवलं. 'जानकीप्रसाद' मचव्यासाठी माझ्या वखारीतून सोळा वाकडी लाकडं नेली, त्यातली दहाच मचव्यात घातली, आणि डेक फुटल्यावर सगळ्या बंदरासमोर सांगितलं की बाईच्या वखारीचं लाकूड कुजकं निघालं. मचवा बांधणाऱ्या धाकू मिस्त्रींना खरं काय ते ठाऊक होतं. ते गप्प बसले. बारा वर्षं गप्प बसले, आणि गेल्या महिन्यात वारले.

बातमी मला बोर्ली पंचतनच्या बाजारात कळली. सुक्या बोंबलांचा भाव करत होते. मागून कोणी तरी म्हणालं, "धाकू मिस्त्री गेले की पहाटे..." मी वळून पाहिलं नाही. टोपली उचलली, निघाले. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की बोंबील कोळणीने सांगितलेल्या भावातच घेतले. असं माझ्या हातून सहसा होत नाही.

मी सातवी पास. नवरा मुंबईला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. संस्थान विलीन झालं त्या सुमारास खाडीच्या तोंडाशी मी जळाऊ लाकडाची वखार घातली. माणगावच्या बाजूच्या डोंगरांतून गाड्या येत. सरळ लाकूड हातोहात खपे. वाकड्यातिकड्या फांद्या ढिगाच्या तळाशी पडून राहत, कारण त्या धड रचता येत नाहीत की धड फोडता येत नाहीत. एक दिवस धाकू मिस्त्री आले. हे मचवे बांधतात, एवढंच मला माहीत होतं. ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून बाभळीची एक फांदी ओढून काढली, कोपरात वाकवलेल्या हातासारखी वळलेली, आणि तोंडावर काही न दाखवता म्हणाले, "ह्ये येवढं देऊन टाक गं बाय, चुलीला व्हईल." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हाताकडे पाहिलं. तान्ह्या पोराच्या मानेखाली घालावा तसा हात त्यांनी फांदीच्या वळणाखाली घातला होता. मी तिप्पट भाव सांगितला. ते आधी चिडले, मग मोठ्याने हसले. "तू लाकडाचा भाव न्हाय करीत. मानसाचा करतंस!"

त्या दिवशी भाव पटला नाही, दुसऱ्या दिवशी पटला. मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. मचव्याच्या दोन्ही कुशी, म्हणजे बाजू, जोडणाऱ्या आडव्या तुळया असतात, त्यांच्यावर डेकच्या फळ्या पडतात. तुळई जिथे कुशीला टेकते त्या कोपऱ्यात खालून एक वाकडं लाकूड बसवतात. त्याचा एक हात तुळईखाली, दुसरा कुशीला. समुद्रात मचवा पिळवटतो तेव्हा सगळा जोर या वाकड्यावर येतो. म्हणून ते झाडावरच वाकडं वाढलेलं लागतं. तसं असलं की लाकडातल्या धाग्यांची रेषा वळणाबरोबर वळते. सरळ फळीतून तोच आकार कापला तर दिसायला सारखा, पण वळणावर रेषा आडवी जाते आणि नेमकं तिथेच ते मोडतं. "झाडानं वाकवल्यालं टिकतं, करवतीनं वाकवल्यालं न्हाय," मिस्त्री म्हणत. मी गाडीवाल्यांना सांगितलं, वाकडं तोडू नका, तसंच आणा. त्यांनी मला वेडी ठरवलं, मी ठरवू दिलं, आणि भाव जळाऊचाच दिला. याबद्दल कोणी विचारलं तर मी उत्तर देईन. मला कोणी विचारलेलं नाही.

चार-पाच वर्षांत खाडीवरचे सगळे मिस्त्री वाकड्यासाठी माझ्याकडे येऊ लागले. मग शेटनी 'जानकीप्रसाद' बांधायला काढला. शेटचं नाव मी लिहीत नाही. ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत मी हे लिहितेय, ती ते वाचतात. आठ तुळयांचा मचवा, म्हणजे सोळा वाकडी. तीन दिवस आमची घासाघीस चालली, दोनदा मी त्यांना वखारीबाहेर काढलं. शेवटी सोळाही लाकडं मिस्त्रींनी स्वतः निवडली, वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, प्रत्येकावर खूण केली आणि गाडीत भरली. ती गाडी शेटच्या आवारात गेली. पुढचं मी पाहिलेलं नाही.

दोन वर्षांनी मचवा कौलं भरून येत होता. वारं फार नव्हतं, पण लाटा मोठ्या होत्या. मधल्या भागात डेक कुशीपासून सुटलं आणि मचवा हाकणाऱ्या इब्राहिम तांडेलचा पाय त्यात सापडला. मचवा कसाबसा बंदरात आणला. इब्राहिम तेव्हापासून काठी घेऊन चालतो. धक्क्यावर सगळं गाव जमलेलं असताना शेट बोलले ते वर लिहिलंच आहे. मी ओरडले, "मिस्त्रींना विचारा! लाकूड त्यांनी निवडलंय!" सगळे मिस्त्रींकडे बघू लागले. त्यांच्या हातात वाकस होता. त्याच्या धारेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "लाकूड हाय... लाकडाचं काय सांगावं."

त्यांचं घर, पडवी, मचवे बांधायची जागा, सगळं शेटच्या आवारात होतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यानंतर वाकडं घ्यायला एकही मिस्त्री माझ्या दारात आला नाही. इब्राहिम वखारीवरून जाताना तोंड फिरवायचा. मी जळाऊ विकत राहिले. पोटाला कमी पडलं नाही. पण बंदरावर कुणाचं काही मोडलं की लोक म्हणत, "राधाबायच्या वखारीचं असंल." पोरांची गाडी मोडली तरी.

पाच-सहा वर्षं आम्ही बोललो नाही. मग एक दिवस दुपारी मिस्त्री वखारीत येऊन उभे राहिले. म्हातारे दिसले. म्हणाले, लहानसा मचवा करायला घेतलाय, हातभर लांबीचा, त्याला बारीक बेचकी हवीत, करवंदीची, बोटाएवढी.

"फुकट मिळणार नाही," मी म्हटलं.

"तुझ्याकडं फुकट मागायला मी येडा हाय व्हय?"

फाटक दुरुस्त करून द्यायचं ठरलं. ते काटक्यांच्या ढिगापाशी बसले आणि एकेक बेचकं उजेडात धरून बघू लागले. शेवटी दहा घेतली. मी विचारलं, किती तुळयांचा मचवा? म्हणाले, आठ. मी म्हटलं, "मग सोळा लागतील. उरलेली सहा?" ते उठत म्हणाले, "उरलेल्याची सोय केलीय मी." मला हिशेबात कोणी चकवत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या दिवशी सोळातून दहा वजा केले, सहा हा आकडा स्वतःच्या तोंडाने उच्चारला, आणि फाटकाच्या बिजागऱ्यांवरून भांडायला लागले.

फाटकाला ते येईनात म्हणून एकदा मीच त्यांच्या पडवीत गेले. भांडायलाच गेले होते, आणि दुपारभर बसून राहिले. तेव्हा पुढच्या तीन तुळयाच बसल्या होत्या. प्रत्येक तुळईला मधोमध किंचित उठाव, डेकवरचं पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावं म्हणून. हातभर मचव्यावर कोण पाणी ओतणार होतं? बेचकं कोपऱ्यात बसवण्याआधी त्याला कोळशाची पूड चोळायची, हलकेच टेकवायचं, काढायचं. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड अडतंय. तेवढंच तासायचं, पुन्हा टेकवायचं. एका कोपऱ्यासाठी वीस-पंचवीस वेळा. सगळीकडे सारखं काळं उमटलं की मग बांबूची बारीक खुंटी मारायची. मी म्हटलं, "वर डेक आलं की हे कुणाला दिसणार आहे?" ते मान वर न करता म्हणाले, "ज्याला बगायचं तो फळी उचलून बगंल." मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. फाटक त्यांनी पुढच्या आठवड्यात चांगलं करून दिलं. अजून कुरकुरत नाही.

ते गेल्यावर दहा-बारा दिवसांनी त्यांची मुलगी सरू आली. तिला थळला दिलेली आहे. बापाच्या मागे आवारातलं घर रिकामं झालं, शेटनी कुलूप लावलं. सरूच्या काखेत धोतरात गुंडाळलेला मचवा होता. "बाबा बोलले, ह्यो वखारवालीला द्या. आन् डेक ठोकू नका बोलले." मागच्या बाजूला कोरलेलं होतं, 'जानकीप्रसाद'.

फळ्या नुसत्या ठेवलेल्या होत्या. सरू गेल्यावर मी एकेक उचलली. पहिली, दुसरी, तिसरी तुळई, दोन्ही बाजूंना माझी करवंदीची बेचकी, रेषा वळणाबरोबर वळलेल्या. सातवी, आठवी, तशीच. चौथी, पाचवी आणि सहावी... तिथे सहा वाकडी सागाच्या सरळ फळीतून कापलेली. त्यांनाही कोळसा लावून, तितक्याच मेहनतीने बसवलेली. रेषा आडव्या, डोळ्याला स्पष्ट दिसतात. खऱ्या मचव्याचं डेक याच जागी सुटलं होतं. मला इतका राग आला की त्यातल्या एकावर अंगठा दाबला. चट्‌कन मोडलं. करवंदीच्या एकावरही दाबला, दोन्ही अंगठ्यांनी. नख दुखावलं, ते हललं नाही. म्हणजे आता फळीची पाचच धड उरली. तो दोष माझा.

दुसऱ्या दिवशी मचवा घेऊन इब्राहिमकडे गेले. त्याने आधी दारात उभं राहू दिलं नाही. मग मी फळ्या काढून ओट्यावर मचवा ठेवला आणि बाजूला झाले. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला लाकडाची रेषा सांगावी लागत नाही. त्याने मचवा उजेडाकडे वळवला. मग चौथ्या आणि पाचव्या तुळईच्या मध्ये बोट घालून म्हणाला, "माजा पाय हितं होता." थोड्या वेळाने आत वळून बायकोला हाक मारली, "राधाबायला च्या दे."

मिस्त्रींबद्दल चांगलं लिहा, असं मला पुरवणीवाल्यांनी सांगितलं. लिहिते. त्यांच्यासारखं कोपऱ्यात लाकूड बसवणारा हात या किनाऱ्यावर आता नाही. ते मला माझा धंदा शिकवून गेले. ते भित्रे होते. तोंडाने एक वाक्य बोलले असते तर माझी बारा वर्षं वाचली असती. ते न बोलता त्यांनी किती तरी वर्षं तेच वाक्य लाकडात तासलं, आणि शेटच्या आवारात आपलं कोणी उरणार नाही तेव्हाच ते माझ्या हाती पडेल अशी सोय केली. मी त्यांना माफ केलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते गेले, त्यांना विचारता येत नाही.

शेट आहेत. मचवा माझ्या वखारीत वजनकाट्याशेजारच्या फळीवर ठेवला आहे. डेक मी ठोकलेलं नाही. ज्याला बघायचं त्याने यावं, फळी उचलावी. शेट, तुम्हीही या. मिस्त्रींनी खुणा केलेली माझी सोळा लाकडं तुमच्या आवारात गेली. दहा मचव्यात बसली. बाकीची सहा कुठे गेली, आणि त्यांच्या जागी फळी कापायला मिस्त्रींना कोणी सांगितलं? मला नाही सांगितलंत तरी चालेल. इब्राहिमचं घर धक्क्याला लागूनच आहे. त्याच्या ओट्यावर बसा आणि त्याला सांगा.