भास्करने बनवलेली रिंग आणि आमलीची टाकी

टाकी पडणार हे भास्करला पाच महिने आधी माहीत होतं.

मलाही माहीत होतं.

आज त्याचा दिवस. तीसेक वर्षं झाली. दरवर्षी लिहायला बसतो आणि फोन बाजूला ठेवतो. आज लिहितोच.

मी तेव्हा सिल्वासात टोकरखाड्याच्या शाळेत सायन्स शिकवायचो. राहायचो आमलीत, भाड्याच्या दोन खोल्यांत.

खालच्या खोलीत भास्कर पाटील. अमळनेरकडचा. घरामागच्याच कंपनीत लेथवर टर्नर. बायको, दोन मुली. बोलणं कमी, हात सोन्याचे.

माझ्या मोठ्या भावाने बोटीवरून आणलेली एक जुनी टेलिफोटो लेन्स माझ्याकडे होती. जड, पितळी कडांची, आट्यांवर फिरवून बसवायची. तिचा कॅमेरा कधीच बाद झालेला.

मी नवा कॅमेरा घेतला, तर त्याला आटेच नाहीत. खाचेत घालायचं आणि फिरवायचं, टक्. जुनी लेन्स त्याला लागेना.

मुंबईच्या दुकानदाराने सांगितलं, मध्ये बसवायची अडॅप्टर रिंग मिळते, पण बाहेरून मागवावी लागेल.

भास्करने दोन्ही गोष्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या.

"सर, एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला खाचा. एवढंच ना?"

सुपरवायझरला विचारून त्याने भंगारातला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घेतला. आठवड्याने रिंग तयार.

लेन्स बसली. पण लांबचं काही शार्प येईना. जवळचा माणूस छान, मागचा डोंगर धूसर. रिंग केसभर जाड होती, त्यामुळे लेन्स जागेपेक्षा पुढे राहत होती.

भास्करने ती चार वेळा घासली. दर वेळी आम्ही गच्चीवर जाऊन लांबचं काहीतरी बघायचो.

लांबचं म्हणजे कंपनीची पाण्याची टाकी. सिमेंटची, उंच, दोन शेतं सोडून.

चौथ्या वेळी टाकी लख्ख दिसली. मी खूश होऊन फोटो काढला.

मग भास्करने कॅमेऱ्याला डोळा लावला, तो काढलाच नाही.

"सर, तिथे वर बघा. खांब जिथे टाकीला लागतो तिथे. तुम्हाला दिसतं का?"

एक काळी रेघ. खाली गंजाचा ओघळ. शेताकडची बाजू, त्यामुळे कंपनीच्या आतून कोणालाच दिसत नव्हती.

वापीहून प्रिंट मोठी करून आणली. रेघच होती, तडा गेल्याची.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच जागेवरून एक फोटो. डिसेंबर. जानेवारी. फेब्रुवारी.

रेघ लांबत होती.

तिन्ही प्रिंट घेऊन भास्कर मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने आधी विचारलं, फोटो कशाने काढले. भास्कर सरळ माणूस, त्याने रिंगचं सगळं सांगितलं.

"पुराना लेन्स, ऊपर से जुगाड. काच का दाग होगा. तुम टर्नर हो, टर्नर का काम करो."

संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन रिंग हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "सर, माझीच रिंग चुकली असेल का हो?"

मी म्हटलं, बघू या. मार्चमध्ये कॅमेरा उलटा धरून फोटो काढला. डाग काचेचा असता तर कॅमेऱ्याबरोबर फिरला असता.

रेघ फिरली नाही. टाकीवरच होती.

तो फोटोही मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये गेला. "बारिश के बाद देखेंगे."

उन्हाळ्यात टाकीखाली चांगली सावली पडायची. पंधरा-वीस माणसं तिथेच डबे उघडायची. भास्करने सांगून पाहिलं. लोक हसले. "पाटील, आमचापण एक फोटो काढ."

मग त्याने वाद घातला नाही. प्यायच्या पाण्याचे दोन्ही माठ उचलून पलीकडच्या शेडच्या भिंतीशी नेऊन ठेवले.

चार दिवसांत माणसं आपोआप माठांजवळ जेवायला बसू लागली.

त्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "सर, तुमचं इंग्लिश चांगलं आहे. कलेक्टर ऑफिसला एक अर्ज लिहून द्या. सही मी करतो."

मी म्हटलं, "देतो. एवढे पेपर तपासून होऊ देत."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. जिन्यात भेटला की नुसता हसायचा. मी नजर चुकवायचो.

दहा दिवस गेले.

दुपारी घरी पेपर तपासत होतो. आवाज आला. मला वाटलं, रोडवर ट्रक उलटला.

मग खालून भास्करच्या बायकोची हाक आली. "सर, टाकी दिसत नाही."

धावत गेलो. धूळ, चिखल, वाकलेल्या सळया. जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झालेली. सगळे शेडच्या भिंतीशी उभे, हातात डबे तसेच.

लेथवरचा त्याचा जोडीदार यादव पुढे आला. "ऊपर से पानी गिरने लगा, सर. टंकी भर रही थी. भास्कर बोला, मोटर बंद करके आता हूँ."

मोटरची खोली टाकीच्या पायाशीच होती.

भास्कर संध्याकाळी सापडला. बाकी कोणाला ओरखडाही नव्हता.

मोटरच्या बोर्डवरचा स्विच बंद केलेला होता.

त्याच्या बायकोने मला एकदाही काही विचारलं नाही. महिनाभरात मुलींना घेऊन ती अमळनेरला गेली.

ड्रॉवरमधले फोटो नंतर कोणाला मिळाले नाहीत. निगेटिव्ह माझ्याकडे होत्या.

अर्ज मी तिसऱ्या दिवशी लिहिला. दोन पानं. वीस मिनिटं लागली.

त्या अर्जावरून साहेब लोक आले. कंपनीच्या मागच्या बाजूला तशीच दुसरी टाकी होती, ती रिकामी करून पाडली.

भास्कर, वीस मिनिटांचं काम होतं रे. तू विचारलंस तेव्हा मी केलं नाही. आज ओळखीच्या सगळ्यांसमोर हे लिहून ठेवतोय.

तुला मनापासून नमस्कार.