मामांची दुपारची तपासणी

माझ्या बायकोच्या मामांइतका चौकस माणूस साऱ्या सांताक्रूझ-वाकोल्यात दुसरा झाला नसेल. ते रेशनिंगमध्ये धान्याचे इन्स्पेक्टर होते आणि हे इन्स्पेक्टरपण त्यांना ऑफिसात काढून ठेवता येत नसे. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी तांदळाच्या डब्यात हात घालत, दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारत आणि घरच्या बाईंना "खडे आहेत हो," असं गोड आवाजात सांगत. आमच्या लग्नात तर अक्षता हातात पडताच ते त्यातले तुटके दाणे वेचत बसले. तुटक्या दाण्यांना अक्षता कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल होता. वेचून होईपर्यंत मंगलाष्टकं संपली, हार पडले, बँड वाजला. मग आम्ही जेवायला बसल्यावर त्यांनी ती निवडलेली मूठ आमच्या डोक्यावर टाकली. थोडी जिलबीवरही पडली.

पुढे रेशनिंग उठलं. चाळीत पेढे वाटले गेले. ज्यांची नोकरी त्यापायी गेली त्या मामांनाही एक मिळाला, आणि "खवा ताजा आहे," म्हणत त्यांनी तो खाल्लाही.

नंतरचे महिने काळजी केली ती मामींनी. मामांना वेळच नव्हता. कामाच्या दिवशीची दुपार त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. "जावईबापू, अकरा वाजता आमच्या मोरीत ऊन येतं! इतकी वर्षं येत असणार, मला पत्ता नाही!" माझी तेव्हा रात्रपाळी असे, त्यामुळे दुपारी मी त्यांच्या तावडीत सापडे. कल्हईवाल्याच्या भात्यापाशी ते मला उकिडवं बसवत. विमानतळाच्या कुंपणाशी उभे राहून, उतरणारी माणसं जेवून आली असतील की उपाशी, यावर वाद घालत.

मात्र दुपारी ते ताटात जेवत नसत. ताट रविवारी. एरवी मामींनी सकाळी डबा भरायचा आणि मामांनी तो चाळीमागच्या जांभळीखाली बसून खायचा. "डबा सुटला की माणूस घरी बसला म्हणतात," ते एकदा हळूच म्हणाले. एवढ्या हौशी माणसाला कशाची भीती वाटते, ते मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

एक दिवस डब्यात लोणचं नव्हतं. ते मागायला मामा घरात शिरले, मागोमाग मी. मामी चुलीपुढे बसून तव्यातच खात होत्या. मामा सवयीने वाकून बघू लागले. कालच्या भाकरीचा तुकडा होता आणि चटणी.

"हे काय गं?"

"जेवतेय."

"आणि भाजी?"

"तुमच्या डब्यात दिली ना!"

"रोज असंच?"

"अहो, एकटीसाठी कुठे घाट घालायचा?"

मामा खाली बसले, डबा उघडला आणि म्हणाले, "दोन ताटं घे."

त्या दिवसापासून जांभळीखाली कुणी बसलं नाही.

पुढे मरोळच्या एका कारखान्याच्या कोठारात त्यांना नोकरी लागली. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर मामा डबा धरून उंबऱ्यात घुटमळत होते. "आता दुपारी तुझं ताट कोण बघणार गं?" म्हणाले. मामींनी हसून त्यांना जवळजवळ ढकललंच.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामी दुपारी एकट्याच असतात, पण भात, भाजी, आमटी, सगळं ताटात वाढून घेऊन जेवतात. एकटीसाठी एवढं कशाला, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "न जाणो, तपासायला आले तर?"