रिकामा पुडा

मोतीलालभाऊंनी धुळ्यात तीस वर्षं शवागारात काम केलं. प्रेताला हात लागला की आंघोळीशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम. यंत्रमाणसांच्या एका सिनेमाचा पहिला भाग पाहिला तेव्हा पडद्यावर एकच पोरगी मेली होती, तरी भाऊ घरी येऊन डोक्यावरून पाणी घेऊनच जेवले.

काल नात मृणालीने त्यांना दुसरा भाग दाखवला. यंत्रांनी अख्खं शहर कापून काढलं.

दिवे लागल्यावर तिने विचारलं, "आबा, पहिल्यासारखा जमलाय का?"

भाऊंनी मांडीवरचा पॉपकॉर्नचा पुडा चाचपला. तळाशी दाणाही नव्हता.

"बठ्ठं शहर मरी गयं," ते म्हणाले, "अन् मी खातच बसनू."