पोटात ठेव

तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि माप घेताना ओठांत टाचण्या धरायची तिला सवय होती. सगळं त्या टाचण्यांनीच बिघडवलं. समोरची बाई हात पसरून उभी, टेप कमरेभोवती फिरतेय आणि ऐकणारीला तोंड उघडता येत नाही. असे कान आयते मिळाल्यावर कोण गप्प बसेल? बायका बोलायच्या. नवऱ्याचं, जावेचं, स्वतःचंही. बोलून झालं की आरशात बघत म्हणायच्या, "तुमच्या पोटात राहू दे हं." ती मान हलवायची. बायका हलक्या होऊन घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी बाही आखूड झाली म्हणून भांडायला यायच्या.

घरीही तेच. थोरल्या भावाने तिचं नाव 'तिजोरी' ठेवलं होतं. त्याला ते कौतुकाचं वाटायचं. तिजोरीला कुणी जेवलीस का म्हणून विचारत नाही, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

मग आई आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले. भावाने तिला जिन्यात गाठलं. "आईला कळता कामा नये. हाय खाईल ती. तू सतत जवळ असतेस, चेहरा सांभाळ." आईला कपडे सैल व्हायला लागले होते, म्हणून थोड्याच दिवसांनी ती ते आईच्या अंगावरच टाचून आत घेत होती. आई म्हणाली, "मी जगत नाही, माहितेय मला. पण पोरांना कळू देऊ नकोस, रडत बसतील. तुझ्या पोटात ठेव." तोंडात टाचण्या होत्या. तिने मान हलवली.

पुढे त्या घरात झकास नाटक रंगलं. भाऊ नकाशा पसरून आईला पुढच्या वर्षीच्या सहलीचे बेत सांगायचा. आई म्हणायची, मग मला नव्या चपला लागतील. धाकटी बहीण खदखदून हसायची. कोण कुणाला फसवतंय हे ठाऊक असलेली ही एकटीच, आणि चहाचे कप धुणारीही हीच. आई गेली. निरोप कुणी कुणाचा घेतला नाही.

त्यानंतर तिची झोप उडाली. डोकं ठणकायचं, म्हणून ती रोज गोळी घ्यायची, तीही जेवणाऐवजी चहाबरोबर. पोटात आग पडायला लागली. शेवटी डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला, "नुसत्या विचाराने पोटाला जखम होत नाही, बाई. पण विचाराने झोप जाते, मग डोकं दुखतं, मग तुम्ही उपाशीपोटी गोळ्या खाता. जखम अशी होते." त्याने त्या गोळ्या बंद केल्या, दुसरं औषध दिलं. वेळेवर जेवा, चाला, शांत बसून सावकाश श्वास घ्या, आणि साठलेलं कुणाजवळ तरी बोला. "एवढं काय पोटात ठेवलंय?" असंही वर हसत विचारलं. तिला हसू आलं नाही.

तिने सगळं इमानेइतबारे केलं. दुपारी शटर अर्धं ओढून जेवायला लागली. श्वासाने खरंच बरं वाटायचं, डोळा लागायचा. चालायला निघाली तर शेजारीण सोबतीला आली आणि वाटभर आपलीच गुपितं सांगत राहिली. उरलं ते बोलणं. जे साठलं होतं ते भावाला सांगायचं राहिलेलं होतं, म्हणून ती भावाकडे गेली.

"दादा, आईला सगळं ठाऊक होतं."

तो म्हणाला, "आणि मी तिला नकाशे दाखवत बसलो? एकदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडता आलं असतं मला."

"तिनेच सांगू नको म्हटलं होतं. तूही—"

"आता कशाला सांगतेस मग? तुला हलकं वाटावं म्हणून? तिजोरी कसली, चोर आहेस तू."

त्याने बोलणं टाकलं. नातेवाइकांत बोभाटा केला. तिचं शटर पुन्हा दुपारभर उघडं राहायला लागलं, गोळ्या परत आल्या. एका सकाळी कापड बेतताना ती कात्रीसकट टेबलावर वाकली ती सरळ झालीच नाही. आतल्या जखमेने पोटाला भोक पडलं होतं. डॉक्टरांनी ते शिवलं.

नाकात नळी, घसा सोललेला, अशी ती पडून होती. भेटायला सगळे आले, भाऊ सोडून. दुखतंय का, असं कुणीच विचारलं नाही. जो तो वाकून कानाशी एकच विचारायचा, "भूल दिल्यावर माणूस बडबडतं म्हणे. तू काही बोलली नाहीस ना?" निर्लज्ज मेले!

सगळे गेल्यावर धाकटी खुर्ची ओढून बसली. डोळे पुसत म्हणाली, "ताई, दादाचं मनावर घेऊ नकोस. खरं सांगू? आईने मलाही सांगितलं होतं. तुझ्याआधी."

त्या सगळ्या महिन्यांत तिला एक जोडीदारीण होती, शेजारीच बसून हसत होती.

"मला असलं झेपत नाही गं. म्हटलं, ताई आहे ना, ती बघेल." धाकटीने तिचं पांघरूण नीट केलं, पर्स उचलली. "दादाला बोलू नकोस हं, माझंही तोंड बघणार नाही तो. तुझ्या पोटात राहू दे."

तिने मान हलवली, पण या वेळी आडवी. धाकटी तोवर दारापाशी पोचली होती. धाकटीला भूक लागली होती.