वनिताकाकू नक्की कोणती?

आमच्या घरातल्या कुणाचाही आवाज मी काढू शकते. आजीचा, नरेंद्रकाकाचा, गल्लीतल्या भंगारवाल्याचा, इतकंच काय, आमच्या मिक्सरचासुद्धा. फक्त वनिताकाकूचा आवाज मला येत नव्हता. कारण नक्कल करायला आधी माणसाने बोलायला हवं.

काकू या घरात आली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आता माझी दहावी झाली. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेले शब्द तीन: ‘हं’, ‘वाढू?’ आणि ‘झालं’. पाहुणे आले की ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जायची. दोरीवर कपडे नसले तरी जायची. खाली आजी पाहुण्यांना सांगायची, “आमची वनिता लय लाजाळू हाय. तिला मान्सांचं भ्याव वाटतं.” हे सांगताना आजीच्या आवाजात थोडा अभिमानच असायचा, सून डॉक्टर असल्यासारखा.

तीन वर्षांपूर्वी काकू हायवेलगतच्या वडपे गावातल्या एका गोडाऊनमध्ये कामाला लागली. काय काम करते, हे आम्ही कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. कॉम्प्युटरवर काहीतरी असेल, असं सगळे धरून चाललो होतो.

मग एका रविवारी काकाच्या मोबाईलवर रील आलं. कुणा ड्रायव्हरने गुपचूप काढलेलं. गोडाऊनच्या माल चढवायच्या धक्क्यावर पिवळं जाकीट घालून एक बाई उभी, समोर ट्रकांची रांग, आणि बाई गरजतेय: “ए बत्तीस नंबर! सो गया क्या? गाडी लेफ्ट मार, लेफ्ट! अरे, तेरा लेफ्ट नहीं, सबका लेफ्ट! पीछे शादी की बारात खडी है क्या, इतना धीरे आ रहा है?” ड्रायव्हर हसतायत. बाई कमरेवर हात ठेवून स्वतःही हसतेय.

ती वनिताकाकू होती.

घरात सगळ्यांनी आधी मोबाईलकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“ह्या कार्टीनंच आवाज भरलाय त्यात!” आजीने माझ्या पाठीत धपाटा घातला.

“आजी, शप्पथ! मला एवढं भारी जमलं असतं तर मी घरात बसले असते का?”

“दीक्षा, खरं सांग,” काका वकिलासारखा म्हणाला. तो इलेक्ट्रिशियन आहे.

तेवढ्यात काकू हातात कपड्यांचे चिमटे घेऊन गच्चीवरून आली. मोबाईलमध्ये डोकावली. “मागच्या मंगळवारची गाडी आहे ती,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी ऐकलेलं तिचं आजवरचं सगळ्यात लांब वाक्य.

आजीने रील सात वेळा पाहिलं. पहिल्या दोनदा हसली. तिसऱ्यांदा हसली नाही. सातव्यांदा चष्मा काढून ठेवला. “म्हंजे तोंड हाय तिला,” ती म्हणाली. “फकस्त आमच्यासाठी न्हाय.”

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं आजीने काकूचं न बोलणं का सोसलं होतं. स्वभावच आहे म्हटल्यावर राग कसला धरणार? आता तो स्वभाव वडप्याला जाऊन ड्रायव्हरांशी थट्टामस्करी करत होता. मग उरलं काय? आजीच्या मते, वैर.

सोमवारी आजीने पिशवी भरली. चार लुगडी, गोळ्यांचा डबा, चष्म्याचं घर. अकलोलीला लेकीकडे, म्हणजे गोदूआत्याकडे जायचं ठरलं, शनिवारी, कायमचं. “गोदू निदान भांडते तरी माझ्याशी,” आजी म्हणाली.

काका घाबरला. “वनिता, अगं, आईशी काहीतरी बोल ना!”

काकू आजीसमोर उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तोंड उघडलं. “आई… चहा?”

“बघ!” आजी म्हणाली आणि पिशवीत आणखी एक लुगडं कोंबलं.

रात्री मी काकूला गाठलं. ती भाजी परतत होती.

“काकू, तू आजीवर रागावलीयस का?”

“नाही.”

“मग घरी बोलत का नाहीस?”

तिने इतका वेळ विचार केला की भाजी खाली लागली. “तिकडे बोलते ना, म्हणून.” मग कढईत पाण्याचा हबका मारत, “नाहीतर इथे गप्प बसायला मिळतं, म्हणून तिकडे बोलता येतं.” मग कढई उतरवत, “असं असेल. मला पण नाही माहीत गं.”

मी ते तसंच्या तसं आजीला जाऊन सांगितलं.

“म्हंजे दुकान तिकडं आन् गोडाऊन हितं?” आजी भडकली. “आमी काय गोडाऊन हाव?”

शुक्रवारी मात्र आजी म्हणाली, “दीक्षे, मला वडप्याला ने. माझ्या डोळ्यानं बघू दे.”

वॉचमनने आम्हाला गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. समोर धक्का, धक्क्यावर काकू. एकेका गाडीला हाका मारत, शिव्या न देता शिव्यांचा सूर लावत, हात असे फिरवत होती की तेवढे हात ती घरात वर्षभरात फिरवत नसेल. आजी बघत राहिली. “हिच्या अंगात कोन आलंय?” तिने मला हळूच विचारलं.

दीडला जेवणाची सुट्टी झाली. कामावरच्या बायका शेडमध्ये गोल करून बसल्या, डबे उघडले, गलका सुरू. काकू आपला डबा घेऊन थेट माल रचायच्या लाकडी पॅलेटांच्या थप्पीमागे गेली. एकटी.

“ती का गेली? भांडलाव का तुमी?” आजीने शेजारच्या बाईला विचारलं.

“नाय वो आजी. मॅडम जेवताना कुनाशीच बोलत नाय. पैलं आमाला पन वाटलं, माज हाय. मग कळलं, तसं न्हाय.”

“मग काय कळलं?”

बाईने घास थांबवला. “तेच न्हाय कळलं.”

आजी उठली आणि थप्पीमागे गेली. मी मागोमाग. आम्हाला पाहून काकू दचकून उभीच राहिली. “आई? तुम्ही?”

“बस. जेव.”

आजी शेजारच्या पॅलेटवर बसली. काकूने अर्धी भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवून पुढे सरकवली. आजीने खाल्ली. आजी न बोलता जेवते, हे मी पहिल्यांदा पाहत होते. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, पण कुणाच्या आवाजात बोलू तेच सुचेना.

सुट्टी संपली. काकूने हात धुतले, आजीकडे पाहून “येते” म्हणाली आणि दहा पावलांवर जाऊन ओरडली, “ए इक्कीस नंबर! खाना हो गया तो गाडी हटा, या बिस्तर भी भेजूँ?” आजी पॅलेटवरून पडता पडता राहिली.

गेटबाहेर एक तरुण ड्रायव्हर चाक तपासत होता. “अम्मा, आप मॅडम की कौन?”

“सास.”

त्याने कान पकडले. “बाप रे! घर में भी इतना बोलती हैं क्या?”

आजीने धक्क्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे असे डोळे वटारले की माझं उघडलेलं तोंड मिटलं.

“पूछो मत, बेटा,” आजी म्हणाली. “हमको तो बोलनेच नहीं देती.”

रिक्षात बसल्यावर म्हणाली, “गोदूला फोन लाव. सांग, उद्या येत न्हाय.”

“का ते विचारेल ना ती.”

“सांग, सुनंचं अजून कायबी कळलं न्हाय. कळलं की येईन.”